नडगीवरचा बिब्बा

सैफ आठवीत असताना आमच्या गावाजवळच्या नाल्यावरचा पूल पुरात गेला. दोन्ही काठांच्या भिंती राहिल्या, मधलं काहीच राहिलं नाही. एसटी बंद झाली, दूध अडकलं, एका बाळंतिणीला खाटेवर घालून पाण्यातून न्यावं लागलं. मग लष्कराच्या गाड्या आल्या. त्यांतून लोखंडी चौकटी उतरल्या. जवानांनी त्या खांद्यावर वाहिल्या, एकमेकींत अडकवून खिळी ठोकल्या आणि तो सगळा सांगाडा या काठावरून त्या काठावर ढकलत नेला. आमची सगळी फुलसावंगी काठावर बसून पाहत होती. दुपारी बाकीची पोरं जेवायला घरी गेली, सैफ गेला नाही. एका जवानानं त्याला हातोडा धरायला दिला होता, तेवढं त्याला पुरलं. त्यानंतर कुणी विचारलं, "काय होशीन रे पोट्ट्या?" की तो म्हणायचा, "पूल टाकनारा फौजी." लोक हसायचे. तो हसायचा नाही.

मी त्यांचा शेजारी. आमची भिंत एक आहे. मला लिहायची सवय नाही. पोस्टात होतो तेव्हा दुसऱ्यांनी लिहिलेलं पोचवत आलो, एवढाच माझा लिहिण्याशी संबंध. पण सैफचं कुणीतरी लिहून ठेवावं असं वाटलं आणि गल्लीत दुसरं कुणी लिहीना. कुठे चुकलं असेल तर ते माझं.

सैफचे वडील वाहिद दिग्रसला एका जिनिंगमध्ये वेल्डर आहेत. जुम्म्याला घरी येतात. आई फरीदाबी बिब्बे फोडते. ज्यांनी हे काम पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बिब्बा हे जंगलातलं काळं, कठीण, बोराएवढं फळ. दगडावर ठेवून फोडलं की आतून पांढरी गोडंबी निघते. ती मिठाईत आणि डिंकाच्या लाडवात जाते. पण टरफलात काळं तेल असतं. ते अंगाला लागलं की कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात. त्याला आम्ही बिब्बा उतला म्हणतो. फोडणाऱ्या बायका हाताला राख आणि खोबरेल चोळून बसतात. फरीदाबीचे हात बोटांपासून मनगटापर्यंत काळे आहेत, पण इतक्या वर्षांत तिला आता काही होत नाही.

हेच तेल आमच्याकडे औषधही आहे. पाय मुरगळला, गुडघा धरला, की दाभणानं बिब्बा टोचायचा, चिमणीच्या ज्योतीवर धरायचा आणि तेल सुटलं की दाभणाच्या टोकानं दुखऱ्या जागेवर फुली ओढायची. गावात अर्ध्या लोकांच्या अंगावर अशा काळ्या फुल्या आहेत. माझ्या कमरेवर एक आहे. ती फरीदाबीच्या सासूनं ओढलेली.

गावात घनश्याम नावाचा माजी सैनिक आहे. लष्कराच्या इंजिनिअर दलात तो हवालदार होता, आता सोयाबीन, कापूस आणि तूर करतो. पुढे जाणाऱ्या फौजेला वाट करून देणं हे त्या दलाचं काम. नदीवर पूल टाकायचा, जमिनीत पुरलेले सुरुंग शोधून काढायचे, रस्ता नसेल तिथे रस्ता करायचा. हे आम्हाला त्याच्याकडूनच कळलं. सैफ आयटीआय करून आला आणि थेट घनश्यामच्या वावरात जाऊन उभा राहिला.

"मले शिकवता का?"

"पगार काय देशीन?"

"तूर सोंगून देतो."

"आयटीआयवाल्याले तूर सोंगता येते?"

"थे बी शिकवा."

घनश्यामनं सोयाबीन निघालेल्या वावरात धावायची वाट आखली, उडी मारायला नऊ फुटांचा खड्डा खणला, बांधावरच्या दोन बाभळींना आडवा पाइप बांधला. सैफबरोबर गॅरेजवाला पिंटूही यायचा. कोणत्या दलात घ्यायचं ते शेवटी लष्कर ठरवतं, पण आयटीआय केलेल्याला इंजिनिअर दलात जागा निघते, असं घनश्याम सांगायचा. त्यामुळे भरतीत कुणी विचारत नाही तेही तो शिकवायचा. जमिनीत पत्र्याच्या डब्या पुरून ठेवायचा आणि पोरांना पोटावर झोपवून सायकलच्या तारेनं त्या शोधायला लावायचा.

"तिरपी घाल तार. सरळ घातली तं वरून दाबल्या जाईन. मंग तुई माय तिकडं बिब्बे फोडन आन मी इकडं तुये हातपाय येचत बसन."

"मायेही येचजा, घनश्यामभाऊ," पिंटू म्हणायचा.

"तुये कायले येचू? तुये गॅरेजात पडू दे."

लेखी परीक्षा सैफ पास झाला, पिंटू राहिला. नागपूरची मैदानी भरती हिवाळा सरताना होती. सैफच्या वयाचं ते शेवटचं वर्ष. ही भरती हुकली की फौजेचं दार बंद. सगळ्यांना हे ठाऊक होतं, म्हणून कुणी त्याच्याशी दुसऱ्या विषयावर बोलतच नसे. साखर आणायला गेला तरी दुकानदार विचारायचा, "किती मिंटात येऊन राह्यला बे आता?" सैफ खाली मान घालून साखर घ्यायचा. त्याला भूक कमी लागायला लागली होती, हे माझ्या बायकोनं, इंदूनं, मला सांगितलं. बायकांना हे आधी दिसतं.

भरती तोंडावर आली आणि त्याच्या नडग्या दुखायला लागल्या. वावराशिवाय डांबरी रस्त्यावरही रोज पळून हाडाला ठणका लागला होता. घनश्यामला त्यानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर घनश्यामनं पळणं बंद केलं असतं, आणि थांबायची सैफला भीती वाटत होती. पण ओट्याच्या पायऱ्या तो तिरपा होऊन उतरायला लागला. त्या संध्याकाळी मी माझ्या अंगणात होतो. त्यांच्या घरात ते त्यांची हिंदी बोलतात, आमच्याशी आमची भाषा.

"क्या हुआ रे?" फरीदाबीनं विचारलं.

"कुछ नहीं, अम्मी."

"कुछ नहीं तो बकरी जैसा कायकू चल रा?"

मग ती भिंतीशी येऊन मला म्हणाली, "काकाजी, पाहा बरं, नडग्या सुजल्या याच्या. फुली मारू का?"

मी हो म्हणालो. मीच काय, गावात कुणीही हो म्हणालं असतं. तिनं दाभण घेतलं, बिब्बा टोचला, चिमणीवर धरला आणि सैफच्या दोन्ही नडग्यांवर एकेक फुली ओढली. सैफनं दात आवळले. लहानपणापासून बिब्ब्याच्या ढिगाशेजारी तो वाढलेला, त्याला कधी काही झालं नव्हतं. तेवढ्यात तिला त्याचा धावायचा जोडा पुढून उसवलेला दिसला. हातात दाभण होतंच, तोही तिनं बसल्या बसल्या शिवून टाकला.

सकाळी सैफ नडग्यांना रबरी पट्टे घट्ट बांधून पळायला गेला. घामानं तेल पसरलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही पाय गुडघ्यापासून घोट्यापर्यंत लाल झाले होते, तिसऱ्या दिवशी फोड आले. घाम पुसलेल्या हातानं तोंड पुसलं होतं, तर डोळेही सुजले. तो खाटेवर बसून पायांकडे पाहत होता. रडत नव्हता, ओरडत नव्हता. मला ते बघवेना, म्हणून मीच घनश्यामला बोलवून आणलं.

घनश्यामनं पाय पाहिले आणि तो फरीदाबीकडे वळला.

"भाबी, काय केलं हे तुमी?"

"दुखत होतं त्याचं."

"दुखत होतं तं मले सांगाचं होतं. बसवून ठेवला असता."

"तुमी बसवून ठेवान म्हून तं त्यानं सांगतलं नाई."

"आन म्हून तुमी त्याचे पाय जाळून देले? भरतीत नागडं करून पाह्यते डॉक्टर. हे पाय दाखवनार का थो?"

घनश्याम सैफला म्हणाला, "तू बी शाना हायेस," आणि निघून गेला. त्यानंतर बरेच दिवस तो तिच्याशी बोलला नाही.

वाहिद दिग्रसहून सुट्टी टाकून आले. आम्ही सगळे पुसदला कातडीच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरांनी मलम दिलं, गोळ्या दिल्या, चालायला हरकत नाही पण पळायचं नाही म्हणाले. मग त्यांची नजर फरीदाबीच्या हातांकडे गेली.

"तुम्ही बिब्बे फोडता?"

"हाव."

"मग ऐका. तुमच्या अंगाला सवय झाली आहे. याच्या अंगानं आता बिब्ब्याशी वैर धरलं. इथून पुढे थोडा जरी लागला तरी पुन्हा उठेल. घरात बिब्बे असतील तर याला घरात ठेवू नका. आणि हे हात याला लावू नका. तेल कातडीत मुरलेलं असतं."

"भरतीपर्यंत बरा होईन का जी?" वाहिदनं विचारलं.

"नवीन काही लागलं नाही तर वाळेल. लागलं तर मी काही सांगू शकत नाही."

फरीदाबीनं हात पदराखाली घेतले. परतीच्या एसटीत ती मागच्या सीटवर जाऊन एकटी बसली.

सैफ आमच्याकडे राहायला आला. आमची पुढची खोली त्याला दिली. खाट, गोधडी, पिशवी, दोर, जोडे असं त्याचं सामान वाहिदनं आणून ठेवलं. जेवण इंदू करायची. फरीदाबीनं बिब्ब्याचं पोतं व्यापाऱ्याच्या माणसाला परत दिलं आणि हात धुवायला बसली. राख, चिंच, रॉकेल, दगड, सगळ्यांनी तिनं हात घासले. एका ठिकाणी रक्त निघालं तरी रंग निघेना. भिंतीच्या त्या बाजूला उभी राहून ती इंदूला विचारायची, "खाल्लं का त्यानं? किती पोळ्या?" इंदू सांगायची. सैफ आतून ओरडायचा, "अम्मी, खाया मैं." मग ती जायची. एकदा तो झोपलेला असताना त्याच्या अंगावरून गोधडी घसरली होती. तिला ते खिडकीतून दिसलं. तिनं मला हाक मारली, "काकाजी, गोधडी." मी ती ओढली. ती खिडकीतून पाहत राहिली आणि मला उगाच अपराधी वाटलं.

नडग्या वाळायला लागल्या. पण पावलांवर, बोटांच्या वर, नवे फोड यायला लागले. एक दिवस कमी व्हायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, कुठून तरी अजून लागतंय, शोधा. आम्ही काय शोधणार? इंदूनं चादरी उकळल्या. तरी फोड आलेच. भरती आता इतकी जवळ होती की सैफनं मोजणं सोडून दिलं होतं. एका सकाळी तो मला म्हणाला, "काकाजी, नाई होत तं नाई होत. अब्बाच्या संगं जिनिंगले जातो." आवाज अगदी साधा होता. मला त्याचीच जास्त भीती वाटली. मी पुन्हा घनश्यामकडे गेलो.

घनश्याम सुतळीचा गुंडा घेऊनच आला. सैफला त्यानं उचलून ओट्यावर बसवलं, पाय स्टुलावर ठेवले.

"मी बी पाह्यतो संगं," सैफ म्हणाला.

"तू आज जखमी हायेस. जखमी मानूस पडून राह्यते. नुसता पाह्य."

मग त्यानं आमच्या खोलीत दारापासून मागच्या भिंतीपर्यंत सुतळ्या ताणल्या आणि खोलीचे पट्टे पाडले. एका पट्ट्यातली एकेक वस्तू उचलायची, पाहायची, बाहेर ठेवायची. पट्टा साफ झाल्याशिवाय दुसऱ्या पट्ट्यात पाय टाकायचा नाही.

"आता मायं घर खंदता का बापा?" इंदू म्हणाली.

"खंदनं पडलं तं खंदू, इंदुताई. तुमी त्या सुतळीच्या आत येऊ नोका."

"माया घरात मलेच बंदी."

पण नुसतं पाहून काय कळणार? बिब्ब्याचं तेल जुनं झालं की दिसत नाही. घनश्याम गोधडी उलटीपालटी करत थांबला. तेव्हा भिंतीपलीकडून फरीदाबीचा आवाज आला. ती केव्हापासून उभी होती कोण जाणे.

"चुन्याचं पानी घ्या. पांढरं फडकं त्यात भिजवून पुसा. बिब्बा असंन तं फडक्यावर काळं येते. धोबी कपड्यावर खुना करते थे तसंच."

घनश्यामनं तिकडे पाहिलं नाही. पण थोड्या वेळानं विचारलं, "इंदुताई, चुना हाये का?"

"यायच्या पानाच्या डबीत हाये," इंदू माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. माझी डबी गेली.

खाट पुसली, फडकं पांढरं. दोरीची एकेक वीण पुसली, पांढरं. गोधडी, उशी, टॉवेल, पिशवी, पिशवीचे पट्टे. सैफ ओट्यावरून एकटक पाहत होता. घनश्यामच्या हाताला घाई नव्हती, पण त्याच्या मानेवरून घाम निथळत होता. मागच्या भिंतीशी पोचलो तेव्हा दुपार झाली होती आणि फडकं पांढरंच होतं. घनश्याम उंबऱ्यावर बसला. सैफनं पाय स्टुलावरून खाली घेतले आणि सवयीनं ओट्याखालचे जोडे ओढले.

"थांब," घनश्याम म्हणाला. "थे सुतळीच्या बाहीर राह्यले."

त्यानं जोडा घेतला. तळ पुसला, पांढरं. वरून पुसलं, पांढरं. मग फडकं बोटाला गुंडाळून आत, जिथे टाके होते तिथे फिरवलं. बाहेर आलं ते काळं.

भिंतीपलीकडे फरीदाबी खाली बसली. तिचं डोकं दिसेनासं झालं. नुसता आवाज आला. "त्याच दाभनानं शिवला मी."

डॉक्टरांनी चालायला हरकत नाही म्हटलं होतं म्हणून पोरगा रोज तोच जोडा घालून वावरात फेऱ्या मारत होता.

मला वाटलं, आता घनश्याम पुन्हा बोलणार. त्यानं कमरेचा विळा काढला आणि टाके कापायला लागला. ते लवकर तुटेनात.

"भाबी," तो म्हणाला, "टाका मजबूत मारला तुमी. विळा बोथट झाला माया."

इंदू नंतर म्हणाली की फरीदाबी रडली नाही, उठून घरात गेली आणि चूल पेटवली. सैफ आमच्याकडे आल्यापासून तिच्याकडे दुपारची चूल पेटली नव्हती.

जोडे जाळले. वाहिदनं दिग्रसहून नवे आणले, पण नवा जोडा चावतो म्हणून सैफ अनवाणी पळणार असं ठरलं. फोड वाळले. खपल्या पडल्या. राहिल्या त्या दोन फुल्या, काळ्याभोर, आणि त्यांच्याभोवती गुलाबी कातडी.

नागपूरला घनश्याम त्याच्याबरोबर गेला. धावण्यात सैफ पहिल्या झुंडीत आला नाही, दुसरीत आला, पण पास झाला. खड्डा ओलांडला, पाइपला लोंबकळून अंग वर ओढून घेतलं, सगळं झालं. त्या रात्री त्यानं फोन केला तेव्हा गल्ली आमच्या अंगणात जमली होती. पण दुसऱ्या दिवशी तपासणीत डॉक्टरांचा हात नडगीवर थांबला.

"ये क्या है? गोदना?"

"नहीं सर," सैफ म्हणाला. पुढचं त्याला बोलताच आलं नाही. डॉक्टरांनी भोवतालची गुलाबी कातडी पाहिली, कातडीच्या कारणानं अनफिट लिहिलं आणि फेरतपासणीसाठी कामठीला लष्कराच्या दवाखान्यात जायला सांगितलं. तिथे जे ठरेल ते शेवटचं.

तो घरी आला तेव्हा ज्याला त्याला सल्ला द्यायचा होता. पिंटूनं आपला पाय वर करून दाखवला. "हे पाह्य, सायलेन्सरनं भाजलं. डाग कसा हाये? तसंच सांग. भाजल्याचा डाग चालते. बिब्बा म्हनलं, अॅलर्जी म्हनलं, की घरी."

"सायलेन्सरनं फुली पडते का बे?" सैफ म्हणाला.

"दोनदा भाजलं म्हून सांग. तू लेका फौजेत चालला आन तुले खोटं बोलता येत नाई."

सैफ घनश्यामकडे गेला. तो तूर काढत होता, मळणीयंत्र चालू होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "थे तुयं तू पाह्य," तो म्हणाला. "मी तिथं आत राह्यनार नाई."

कामठीला मी आणि फरीदाबी गेलो. वाहिदला जिनिंगमधून सुट्टी मिळाली नाही आणि फरीदाबी ऐकेना. एसटीत ती पुढच्या सीटवर, आम्ही दोघं मागे. वाटेत एकदा ती मागे वळली.

"सच बोलेगा तो बिब्बा बोल. झूठ बोलेगा तो सायलेन्सर बोल. कुछ भी बोल, पर अटक मत."

सैफ खिडकीबाहेर पाहत राहिला. खरं सांगितलं तर पुन्हा उतेल असं अंग म्हणून त्याला नाकारतील, याची मला जवळजवळ खात्री होती. पिंटूचं ऐक असं सांगायचं माझ्या तोंडावर आलं होतं. मी सांगितलं नाही. खरेपणामुळे नाही. आपण सांगावं आणि ते चुकावं, याची भीती.

तो आत गेला. आम्ही फाटकासमोर चहाच्या टपरीशी थांबलो. फरीदाबी बाकावर बसेना. "थो इथं येऊन बसन, माये हात नोको लागाले," म्हणाली. चहाही तिनं घेतला नाही. उन्हात उभी राहिली, हात पदरात गुंडाळलेले. दुसरी पोरं बाहेर येत होती. एक जण फोनवर हसत आला, एक जण आला आणि बापाजवळ न थांबता सरळ रस्त्याला लागला. सैफ येईना. टपरीवाल्यानं दोनदा चहा ओतला आणि माझा दोन्ही वेळा गार झाला. फरीदाबीनं मला विचारलं, "काकाजी, इतका येळ काहून लागून राह्यला?" मला काय माहीत? मी म्हणालो, लागतो.

तो आला तेव्हा सावकाश चालत आला. चेहऱ्यावरून काही कळेना. आमच्यापासून दोन-चार हात लांब, ती होती म्हणून, थांबला.

"बोल," फरीदाबी म्हणाली.

"डॉक्टर बाई होत्या. विचारलं हे काय. मी बिब्बा सांगतला."

मी डोळे मिटले, मला आठवतं.

"त्याइले मालूम नव्हता. मंग सगळं सांगतलं. जोड्याचं, चुन्याचं, अम्मीचं. विचारलं, आईजवळ राहतोस का. म्हनलं, नाई, भिंतीच्या तिकडं राह्यतो. त्याइनं मोठ्या सायबाले बोलावलं. दोघाइनं बॅटरी लावून पाह्यलं, खरडून पाह्यलं, पळाले लावलं, गुडघ्यावर बसाले लावलं. मंग बाहीर बसवलं. मोठा सायब म्हने, कारन मालूम हाये तं टाळता येते. फिट लिहलं."

फरीदाबीनं एक पाऊल पुढे टाकलं आणि तिथेच थांबली. हात पदरातून बाहेर आले होते, ते तिनं परत आत घेतले.

"काकाजी," ती म्हणाली, "त्याच्या पाठीवरून हात फिरवा."

मला असं काही जमत नाही. स्वतःच्या पोरांनाही मी कधी जवळ घेतलं नाही. मी जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला. शर्ट घामानं भिजला होता. ती लांबून पाहत होती. "खाली, कमरेपर्यंत," म्हणाली. मी कमरेपर्यंत फिरवला.

यादी लागायला पुढे बरेच दिवस गेले. तिच्यात त्याचं नाव आलं, दल इंजिनिअरांचं, शिकायला खडकीला. मागच्या महिन्यात व्यापाऱ्याचा माणूस बिब्ब्याचं पोतं घेऊन आला होता. फरीदाबीनं ते दारातूनच परत पाठवलं. आता ती घनश्यामच्या वावरात कापूस वेचायला जाते. हात अजून काळेच आहेत. सैफ सुट्टीवर येईपर्यंत रंग किती उतरेल, हे तिलाही सांगता येत नाही, मलाही नाही.